चौथी पट्टी

अर्नाळ्याच्या दिनानाथ तांडेलाने बंदरावर कुजबूज केली तरी ती समोरच्या किल्ल्यात ऐकू जायची. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या; सुकाणू त्याच्या हातात आणि शिव्याही त्याच्याच तोंडात. दिनानाथच्या बापाने एका नारळी पुनवेला थोरल्या भालचंद्राला बाजूला ठेवून सुकाणू या धाकट्याच्या हाती दिलं, कारण वारा धाकट्याला कळत होता. तेव्हापासून थोरला त्याच बोटीवर खलाशी. दर्यावर हे असंच चालतं. नुसतं वय बघून सुकाणू दिलं तर बोट जाते, पण परत येईलच असं नाही.

अशा माणसाचा मुलगा दीपेश वैमानिक झाला, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. पण गाव खवचट.

"विमानाचा तांडेल झाला काय?"

"नाय आजून. बाजूला बसतो."

"म्हंजे खलाशी!"

हे दिनानाथच्या जिव्हारी लागायचं. दीपेश वसईच्या फ्लॅटवरून घरी आला की बाप आधी त्याच्या गणवेशाचा खांदा बघायचा. कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या, याच्या तीनच.

"बाबा, आमच्यात जो आधी नोकरीला लागला, तो आधी कॅप्टन. नंबर आल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत."

"आन् पुडच्याला वारा कलत नसंल तर?"

"तरी नंबर त्याचाच आधी."

"असली कंपनी बुडनार!" दिनानाथ गरजला. "आधी आला ही काय लायकी झाली?"

बाजूला जाळं सांधत बसलेल्या भालचंद्राने पुढची गाठ जरा जास्तच आवळली. तो तसाही कमीच बोलायचा. धाकट्याने बोलायला जागाच ठेवली नव्हती.

पुढे कंपनीचे साहेब बदलले आणि नवा नियम आला: चाचणीत ज्याचे गुण जास्त, तो आधी कॅप्टन. पट्टी आता आलीच, असं दिनानाथने बंदरावर जाहीर करून टाकलं. मग दीपेशचा फोन आला. पट्टी सलोनी नावाच्या मुलीला मिळाली होती. ती त्याच्या बऱ्याच मागून नोकरीला लागली होती, पण दीपेशचे गुण तिच्यापेक्षा कमी पडले.

दिनानाथ असा भडकला की ओट्यावरची मांजरं पळाली. "कालची पोर ती! माज्या पोराची येवडी वर्सं काय पान्यात गेली? थोरल्याला काय मान हाय का नाय?"

शेवटचं वाक्य तोंडून निघालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. भालचंद्र हसायला लागला. हसता हसता त्याला असा ठसका लागला की पाणी द्यायला दिनानाथलाच उठावं लागलं.

त्यानंतर मात्र दिनानाथला जेवण गोड लागेना. शेवटी तो भावाशेजारी जाऊन बसला आणि चक्क हळू आवाजात म्हणाला, "दादा, तवा तुला लय लागला व्हता काय?"

"लागंल नाय तर काय! घरी जाऊन नर्मदेला सांगितला, मला देत व्हते, मीच नको बोललो. ती आजून तसाच समजते."

दिनानाथला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. वहिनी इतकी वर्षं आपल्याकडे उपकार केल्यासारखं का बघते, हेही त्याला आज कळलं.

रविवारी सून सुरुची मासळी न्यायला एकटीच आली. भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "बाबा, दीपेशने कॅप्टनशिप स्वतःच नाकारली. घेतली असती तर बदली झाली असती ना, म्हणून. आमच्यासाठी सोडली हो त्याने. तुम्हाला बोलला नाही का?"

भालचंद्राचे हात जाळ्यावर थांबले. गिऱ्हाइकालाही तोंडावर खरं सुनावणाऱ्या दिनानाथने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बोलला ना. मला पयला तेच बोलला," तो म्हणाला, आणि टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट त्याने तिच्या पिशवीत टाकलं.