बोटावरची शाई

पहिलंच मतदान करून मी नाशिकच्या द्वारका चौकातून शेअर रिक्षात बसलो आणि बोटावर पसरलेली शाई रुमालाने पुसू लागलो. शेजारचा परदेशी विद्यार्थी टक लावून बघत होता. तो पॅलेस्टाईनचा निघाला. नाशकात मराठी शिकलेला, वाक्यागणिक ‘भाऊ’ म्हणून छातीवर हात ठेवणारा.

“आमचे पुढारी रोज पक्ष बदलतात. लय वैताग!” रिक्षावाले काका म्हणाले.

“बदलतात तरी, भाऊ! आमचे खुर्चीवरून आपसात भांडतात, निवडणूकच घेत नाहीत, आम्हाला विचारतच नाहीत. अठ्ठावीसचा झालो, नेता निवडायला एकदाही मत दिलं नाही.”

“कोणाला दिलं असतं?” मी चाचरत विचारलं.

“कोणालाच नाही! विश्वासच नाही कोणावर,” तो हसला. “पण भाऊ, ते रांगेत उभं राहून सांगायचंय.”

तो उतरला. मी रुमाल खिशात ठेवला.