भगवंतरावांचं खुराडं

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला खुशालरावांचा भाजीचा मळा होता. त्यांचा मुलगा भगवंत नागपूरहून डॉक्टरी शिकून आला आणि सरकारी दवाखान्यात लागला, तेव्हा सगळ्या आळीने पेढे खाल्ले. पण १९२६च्या सुमारास त्याने वांग्यांच्या वाफ्याशेजारी कोंबड्यांचं मोठं खुराडं बांधलं, आणि तीच आळी म्हणू लागली, डॉक्टराचं डोकं फिरलं.

झालं होतं असं, की दवाखान्यातल्या एका जुन्या मासिकात भगवंतरावांच्या वाचनात एक प्रयोग आला. परदेशात कोणी कोंबडीच्या अंगावरची कर्करोगाची गाठ काढून ती वाटली, तिचा रस चिनी मातीच्या सच्छिद्र नळीतून गाळला आणि धडधाकट कोंबडीला टोचला. तिलाही तशीच गाठ आली. त्या नळीतून साधे जंतू पार होत नाहीत. मग गाठीचं मूळ जंतूंहून बारीक अशा विषाणूत असेल का? आणि माणसाच्या गाठीचं? हा प्रश्न त्यांच्या मनात बसला तो बसलाच.

बाजारात गाठ आलेली कोंबडी दिसली की ते घेऊन येत आणि तिच्या गाठीचा गाळलेला रस पिलांना टोचत. त्यांची बायको शकुन पिलांच्या पायांत दोरे बांधी, टोचलेल्यांना लाल, न टोचलेल्यांना पांढरे. त्यांची आई मैनाबाई माळकरीण. ती खुराड्याजवळ फिरकत नसे. लांबूनच कोबीची पानं फेकायची आणि विचारायची,

"काहून रे, माणसं सोडून कोंबड्याईचं काय पाहून राहिला?"

"माणसाईसाठीच पाहून राहिलो, माय."

दुसऱ्या वर्षी लाल दोऱ्याच्या दोन पिलांना छातीत गाठी आल्या. भगवंतराव हरखून गेले. पण निकाल पक्का होण्याआधीच उन्हाळ्यात मानमोडी ही कोंबड्यांची साथ आली आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं झालं. रडत बसण्यापेक्षा त्यांनी मेलेल्या कोंबड्यांचा रसही गाळून पाहिला. गाळलेल्या रसानेही नव्याने आणलेल्या चांगल्या कोंबड्या आजारी पडल्या, म्हणजे हा रोग विषाणूचा. त्यावरचा त्यांचा निबंध छापून आला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. गाठींचं काम मात्र पुन्हा पहिल्यापासून.

अशातच मैनाबाईच्या हातून भाजीची टोपली निसटली. उजवा हात वर होत नव्हता. शकुनने तिला घरात नेऊन लुगडं बाजूला केलं. छातीत सुपारीएवढी कठीण गाठ, वरची कातडी आत ओढलेली.

"कवापासून आहे, माय?" भगवंतरावांनी दाराआडून विचारलं.

"तू खुराडं बांधलं, तवापासून."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

मैनाबाई भिंतीकडे पाहत म्हणाली, "पोराले काय दाखवू बापा? आन तू तं कोंबड्याईत होता."



अमरावतीला शस्त्रक्रिया झाली. काढलेली गाठ भगवंतरावांनी मागून घेतली आणि स्पिरिटच्या बरणीतून अकोल्याला आणली. तिची पातळ चकती करून ते सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहत बसले. गाठीचा ताजा तुकडा आधीच बर्फात ठेवून आणला होता. तो वाटून, गाळून त्यांनी पिलांना टोचला. आपण आईची गाठ कोंबडीला टोचतो आहोत, हे मनात आलं तेव्हा त्यांचा हात थांबला, पण परत फिरला नाही. त्या पिलांना काही झालं नाही. ती मोठी झाली, अंडी देऊ लागली.

मैनाबाई तीन वर्षं जगली. मग काखेत गाठी आल्या, आणि ती गेली.

दिवस झाल्यावर शकुन म्हणाली, "बायका तुमाले दाखवणार नाहीत. मले दाखवतीन. मले शिकवा."

त्यांनी शिकवलं. गाठ कशी चाचपायची, कोणती हलते, कोणती मुळं धरून बसते. पुढे बदली मोर्शीला झाली. संत्र्याच्या बागांतल्या बायका आधी पोराच्या खोकल्याचं निमित्त करून येत आणि मग हळूच शकुनच्या खोलीत शिरत. काहींना वेळेवर अमरावतीला धाडता आलं, काहींना नाही.

खुराडं मोर्शीतही होतंच. अनेक वर्षांत माणसाच्या एकाही गाठीतून भगवंतरावांना विषाणू सापडला नाही. त्यांनी तेही लपवलं नाही. प्रयोग सगळे मांडून, 'आढळला नाही' असं लिहून छापायला दिलं. त्याबद्दल कोणी पाठ थोपटली नाही.

पुढे पुढे त्यांच्यापेक्षा शकुनकडेच गर्दी जास्त असे. तिच्या खोलीचं दार ते स्वतः कधी लोटत नसत. बाहेरच्या बाकावर बसून, ती हाक मारील तेव्हाच आत जात.