दंव वाळेपर्यंत

यशवंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेठ वडगावच्या बाजारात टेम्पोतून रोपांचे क्रेट उतरवून घेत होतो. सुमनवहिनींचा भाऊ एवढंच म्हणाला, "दाजी गेलं सकाळी." मी हातातला क्रेट खाली ठेवला. मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. सांगायचं राहिलं होतं ते आता कायमचंच राहिलं, हा होता... आणि लपवत नाही, त्याच क्षणी थोडं हलकंही वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज घेऊन मी गेले पाच आठवडे वावरतो आहे.

दादा आमच्याच गावचे, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे. बौद्ध वस्तीच्या मागं ओढ्याला लागून त्यांचं वीस गुंठ्यांचं वावर. नव्वदच्या दशकात आमच्याकडं ज्याला पाणी त्याचा ऊस, पण दादांनी कोबी धरला होता. थंडीच्या दिवसांत दिवस उगवायच्या आत ते चपला बांधावर काढून अनवाणी पिकात शिरायचे आणि एकेक पान उलटून बघायचे. पानाच्या पाठीमागं बारीक हिरवी अळी असते, ती पानाची चाळण करते. तिला ते चिमटीत धरून बाजूला घ्यायचे. कोबीच्या काही ओळी झाल्या की मध्ये दोन ओळी मोहरीच्या असायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं होतं, "दादा, कोबीत मोहरी कशाला? फोडणीला?" ते हसले. "पतंगाला रं. मोहरी दिसली की त्यो तिकडंच अंडी घालतोय. पावणं दारात आल्यावर ताट नको व्हय वाढायला? ह्यांचं ताट येगळं वाढलंय." गड्डे भरायला लागले की दंवानं ओली झालेली पानं पायाला आणि एकमेकांना घासून करकर वाजतात. तो आवाज आला की दादा जागीच थांबायचे. "ऐक की दिनू, बोलाय लागलाय." दिवसभराचं काम ते काम म्हणून करायचे. सकाळचा तो तास मात्र त्यांचा स्वतःचा होता.

मी त्याच सुमारास रोपवाटिका काढली. दादा आपली रोपं घरीच करत, पण त्या वर्षी मुद्दाम माझ्याकडं सांगितली. "तुझी रोपं माझ्या रानात दिसली म्हंजे चार माणसं इचारतील," म्हणाले. ते न्यायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मला एका वाफ्यात काही पानांच्या कडांना पिवळे त्रिकोणी डाग दिसले. डागातल्या शिरा काळ्या पडलेल्या. हा घाण्या रोग, हे मला माहीत होतं. तो बहुतेक वेळा बियाण्यातून येतो, म्हणून बी पेरायच्या आधी बेताच्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायचं असतं. ते काम मी त्या वर्षी घाईत टाळलं होतं. खरं तर सगळा वाफा उपटून जाळायला हवा होता. पण पहिलंच वर्ष, गावात नाव जाईल... मी वाफ्यात उकिडवा बसलो आणि डाग पडलेली पानं तेवढी नखानं खुडून चुलीत टाकली. सकाळी दादांनी स्वतःच्या हातानं रोपं उपटली, ओल्या गोणपाटात गुंडाळली. "झ्याक हाईत की रं!" म्हणाले.

पाच-सहा आठवड्यांत त्यांचं वावर पिवळं पडलं. बुडखा आडवा कापला की आत काळं कडं दिसायचं. भरू लागलेले गड्डे सडले, आणि तो वास ओढ्यापलीकडं माझ्या घरापर्यंत यायचा. तालुक्याहून शेतकी खात्याचे एक साहेब आले. मीही तिथं होतो. त्यांनी विचारलं, "रोपं कुठली?" दादांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या आमच्या दिनूची. पर रोपात काय खोट न्हवती सायेब. माझ्या हातानं उपटल्यात की!" साहेबांनी पुढं विचारलं, "सकाळी दंवात पिकात फिरता का?" "व्हय. रोज." साहेब म्हणाले, "मग झालं तर. ओल्या पानांना तुमचे हातपाय लागतात, त्यातूनच रोग सगळीकडं पसरला."

दादांनी आधी आपल्या हातांकडं बघितलं, मग पायांकडं. "म्हंजे म्याच केलं म्हणा," एवढंच बोलले. ज्या माणसाच्या आजाला गावाच्या खळ्यावर राशीला हात लावायची मुभा नव्हती, त्याच्या तोंडून, माझ्या हातापायानं पीक नासलं, हे मी ऐकलं. मी त्यांच्यापासून तीन हात अंतरावर उभा होतो. बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून दादा दंवात पिकात शिरले नाहीत. रोग मातीत राहतो, म्हणून पुढची काही वर्षं कोबी त्या रानात घेताच आला नाही. नंतर घेतला तेव्हाही ते दंवात शिरले नाहीत. बांधावर एक सपाट दगड होता. त्यावर बसून ऊन वर यायची, पानं वाळायची वाट बघत राहायचे. कुणी भेटलं की सांगायचे, "दंव वाळू दे, मग शिर. माझ्यागत करू नगंस." यातली वाईट गोष्ट अशी की सल्ला खरा होता. घाण्या रोग असला की ओल्या पिकात फिरू नयेच. त्यामुळं माझं खोटं कधी उघडं पडलं नाही. रोग त्यांच्या पायांनी पसरलाही असेल, पण त्या रानात तो आणला मी.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा कोल्हापूरहून एसटीनं येताना शेजारी बसलो होतो, शिरोलीपर्यंत मनात वाक्य जुळवलं आणि नंतर पावसापाण्याचं बोललो. शेवटची भेट सरकारी दवाखान्यात झाली. दादा फार वाळले होते. म्हणाले, "कोबी लावलाय औंदा. सुमन एकटीच बघत्या. दंवात शिरू नगं म्हणावं तिला." मी म्हणालो, "दादा, ते दंवाचं..." तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली आणि मला बाहेर काढलं. मी परत आत जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

दादांच्या जलदान विधीला मी सगळ्यांत मागं बसलो होतो. परवा मात्र सकाळीच वावरावर गेलो. सुमनवहिनी बांधावर उभ्या होत्या, पानांवर दंव पांढरं दिसत होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाफा, डाग, नखानं खुडलेली पानं, चूल. वहिनी म्हणाल्या, "त्यास्नी सांगायचं व्हतं भाऊजी. मला सांगून काय उपेग?" दगडाकडं बघत म्हणाल्या, "आजारी पडंपतूर त्ये आपल्या पायाकडं बघायचं. आंघोळ करून आलं तरी बघायचं. मला वाटायचं, काय काटा मोडलाय का काय..."

मग त्यांनी चपला काढल्या, लुगड्याचा काठ वर खोचला आणि सरळ ओल्या पिकात शिरल्या. वाकून एकेक पान उलटू लागल्या. गड्डे भरत आले होते. इतक्या वर्षांनी त्या वावरात दंव असताना पानांचा करकर आवाज झाला. वहिनी जागीच थांबल्या, ऐकत राहिल्या. माझ्याकडं त्यांनी वळून बघितलं नाही.

मी दगडापाशी उभा राहिलो. बसायला म्हणून हात टेकला तर दगडही दंवानं गार ओला होता. दादा रोज त्यावर ओल्यातच बसायचे का, काही अंथरून बसायचे, हे इतक्या वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं. बांधावर ते बसलेले दिसले की मी पलीकडच्या वाटेनं जायचो.