खामगावहून आणलेली गिटार

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या नवऱ्याकडे एकच शब्द उरला, 'हाव', म्हणजे आमच्याकडचं 'हो'. चहा हवा का विचारलं तरी हाव, नको का विचारलं तरी हाव. त्यांना कळतं सगळं, पण मनातला शब्द तोंडात येत नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. उजवा हातही लुळा पडला होता. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. एक दिवस तिचं लक्ष कपाटावर गेलं.

"काका गिटार वाजवत होते? मग तीच द्या ना त्यांच्या हातात. बोटं लवकर मोकळी होतील."

वाजवत होते म्हणजे! आमच्या मोताळ्यात गिटार वाजवणारा कारकून हा एकच. अमरावतीला शिकायला असताना वसतिगृहातल्या मित्राकडून त्यांनी ती घेतली, तेव्हाच ती जुनी होती. साखरपुड्यानंतर अमडापूरला आमच्या घरी आले तेही एसटीत ती मांडीवर धरून. माझ्या वडिलांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पाहुणे, हे कोणत्या कामी येते?" त्यावर हे इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

कपाटावरून काढली तर गिटारीची लाकडी मान वाकलेली, तारा वर उचललेल्या. चांगल्या डाव्या हातानेही त्यांना त्या दाबता येईनात. म्हणून शेजाऱ्यांची गाडी घेऊन मी त्यांना आणि गिटारीला खामगावच्या वाद्यांच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने ती उलटीपालटी करून पाहिली. आत बोट घालून ठोकली.

"मॅडम, पोट फुगलं हाये हिचं. उघडावं लागते. पण मंग आवाज असाच राहीन, हे मी सांगू शकत नाही."

मग त्याने भिंतीवरची दुसरी काढली. त्याच कंपनीने तोच जुना नमुना पुन्हा बनवायला घेतला होता. तोच तपकिरी रंग, भोकाभोवती तीच पांढरी नक्षी, आत तसंच लेबल. "याच्या तारा खाली हायेत. साहेबाले सोपी जाईन. जुनी मले द्या, हे घेऊन जा. जुन्या गिटारीले शौकीन लोक विचारतच राह्यतात." औषधपाणी चालू असताना जुनी ठेवून नवी वेगळी घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं.

मी यांच्यासमोर वाकून विचारलं, "अहो, आपली दुरुस्त करायची?"

"हाव."

"का ही नवी घ्यायची?"

"हाव."

दुकानदार हसला. मग त्याच्या लक्षात आलं. थोड्या वेळाने त्यानेच एक तोड काढली. कोणती वाजते ते दिसू नये म्हणून यांची खुर्ची भिंतीकडे वळवली. "साहेब, मी दोन्ही वाजवतो. जे आवडीन तिले डावा हात वर करा."

आधी जुनी वाजली. मला सुरातलं काही कळत नाही, पण तो आवाज मला ठाऊक होता. मी भाकरी थापत असताना मागच्या खोलीतून यायचा तोच. तारा खरखरत होत्या, तरी तोच. हात वर झाला नाही. मग नवी वाजली, स्वच्छ, मोकळी. हात वर झाला नाही. मी पुढे जाऊन पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि डॉक्टरांनी हेही बजावलं होतं की या आजारात रडू उगाचच येतं, त्याचा अर्थ लावत बसू नका.

मी पुण्याला मुलीला फोन लावला.

"आई, बाबांना विचार ना, गिटार त्यांची आहे," ती बोलून गेली. मग तिची तीच सावरली. "सॉरी आई. तुला वाटेल ती घे."

मला काय वाटणार? मला काहीच वाटत नव्हतं, फक्त कोणीतरी सांगावं असं वाटत होतं. शेवटी मी त्या लुळ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नवी द्या."

दुकानदार जुनी उचलून आतल्या खोलीकडे निघाला, आणि यांचा डावा हात वर झाला.

"थांबा!" मी ओरडले. "अहो, ठेवायची का ती?"

"हाव."

"का देऊन टाकू?"

"हाव."

हात तसाच वर होता. नको म्हणत होते, निरोप देत होते, की मघाच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा आलं होतं, कोण जाणे. दुकानदार दारात ती धरून उभा राहिला. मी तो हात धरून हळूच खाली घेतला. मग नवी गिटार गाडीत ठेवून आम्ही घरी निघालो.

नवीचा उपयोग झाला, हे खरं. तिसऱ्या महिन्यात उजवा अंगठा तीन तारा ओढू लागला. व्यायामवाल्या मुलीने आनंदाने व्हिडिओ काढला. हे रोज संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर बसून वाजवतात. मधेच थांबतात, गिटारीवर कान टेकवतात आणि बराच वेळ तसेच राहतात.

एकदा न राहवून मी दुकानात फोन केला.

"गेली मॅडम ते," दुकानदार म्हणाला. "भुसावळचे एक जण घेऊन गेले. मी उघडून नीट केली होती." मग म्हणाला, "आवाज तसाच निघाला हो. काहीच फरक नाही पडला."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बाहेर ओट्यावर त्यांचं वाजवणं चालू होतं. एका जागी अंगठा अडकला, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी दारापर्यंत गेले, उभी राहिले, आणि काही न सांगता आत येऊन कणीक भिजवायला घेतली.