बायडाक्कांनी थांबवलेली शाळा

फोन आला तेव्हा मी खंडाळ्याला घरच्या अंगणात वाळत घातलेले गहू गोळा करत होते. जतच्या पूर्वेला एका वाडीवर माझी जुनी शाळा आहे, तिथल्या सुनंदा मॅडम बोलत होत्या. ‘बाई, बायडाक्का गेल्या. सकाळी चहा मागितला, आणि सून कप घेऊन येईपर्यंत...’ मी गहू तसेच टाकून निघाले. त्याला आता महिना होत आला. लिहायला बसते आणि दर वेळी दुःखाच्या आधी अभिमानच वर येतो, म्हणून तोच लिहिते.

मी त्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून गेले तेव्हा आक्का नुकत्याच सरपंच झाल्या होत्या. घर धनगराचं, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेकडं जाणारं. जागा बायकांसाठी राखीव झाली, घरच्यांनी नाव दिलं, आणि आता ही कागदापुरती सरपंच राहणार असं सगळ्यांनी धरून टाकलं. आक्का मात्र पहिल्याच आठवड्यात शाळेत आल्या. चौथीच्या खोलीची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली होती. त्यांनी त्या फटीत पंजा घातला. ‘बाई, हितं माजा हात जातोय.’ मी म्हटलं, ‘तुमची नात याच भिंतीला टेकून बसते.’ त्या म्हणाल्या, ‘नातीचं सोडा. बसणारी सगळी आपलीच हायत.’

नवी शाळा मागणं म्हणजे एक अर्ज देऊन मोकळं होणं नव्हे. जुनी इमारत धोकादायक ठरवून पाडायची परवानगी, मग बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक, मग जिल्हा परिषदेची मंजुरी, आणि त्या वर्षीच्या निधीत आपला नंबर लागला तर काम. या प्रत्येक पायरीसाठी आम्ही दोघी एसटीनं कधी जतला, कधी सांगलीला जायचो. एकदा सांगलीत एका साहेबांनी विचारलं, ‘सरपंच कुठायत? मिस्टर नाही आले?’ आक्का शांतपणे म्हणाल्या, ‘त्ये मेंढरामागं हायत. त्यांचं काम त्ये करत्यात, माजं मी कराय आले.’ साहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढं केली... परतीच्या गाडीत मला हसू आवरत नव्हतं, आणि या बाई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेल्या.

मंजुरी आली. काम मिळालं ते आक्कांच्या सख्ख्या धाकट्या भावाला, शिवाजीला. गावाला बरं वाटलं, घरचाच माणूस. पण ते साल टंचाईचं. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, तर काँक्रीट पक्कं व्हायला नव्या खांबांवर कोण मारणार? खांबांना गुंडाळलेली पोती दिवसेंदिवस कोरडी दिसायची. एक दिवस बांधकाम विभागाचे तरुण अभियंता पाहणीला आले. हातोड्याचा एक ठोका घातला आणि खांबाचा कोपरा वाळूसारखा गळून पडला. मार्च तोंडावर आलेला, काम थांबलं तर निधी परत जाणार, आणि ठेकेदार तर सरपंचांचा भाऊ. आक्कांनी अभियंत्यांचा चेहरा पाहिला आणि जवळ आल्या. ‘साहेब, तुमाला काय वाटतंय त्ये बोला.’ ‘काम थांबवायला पाहिजे,’ ते खालच्या आवाजात म्हणाले. ‘मग थांबवा. मी हाय तुमच्या मागं.’

देवळासमोर ग्रामसभा बसली. शिवाजी सगळ्यांसमोर उभा राहिला. ‘आक्का, निधी परत गेला तर पुन्ना कवा यील? गाव तुलाच बोलंल.’ आक्का म्हणाल्या, ‘गाव बोललेलं मला सोसंल, शिवा. छत पडल्यालं सोसायचं न्हाई.’ तो पाय आपटत निघून गेला.

तपासणीत काँक्रीट नापास झालं. खांब पाडून स्वतःच्या खर्चानं पुन्हा उभे करायचा हुकूम शिवाजीला झाला, आणि उरलेला निधी खरंच परत गेला. ‘आलेली शाळा बाईनं घालवली,’ लोक आक्कांच्या तोंडावर म्हणायचे. त्यांनी मेंढरांचं पत्र्याचं शेड झाडून सारवून दिलं, तिथं आमचे वर्ग भरू लागले. त्या दिवाळीला भाऊबीजेचं ताट तसंच राहिलं. मी विचारलं, ‘आक्का, कधी वाटतं का, उगाच थांबवलं?’ ‘भाऊ उंबऱ्याला येत न्हाई, त्याचं लय वाईट वाटतंय,’ त्या म्हणाल्या. ‘कामाचं न्हाई वाटत.’

मग पुन्हा सांगलीच्या वाऱ्या. पण आता कचेरीत त्यांची ओळख सांगावी लागत नव्हती. सख्ख्या भावाचं काम थांबवणारी बाई म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना जागा करून द्यायचे. पुढच्या वर्षाच्या निधीत आमच्या शाळेचं नाव लागलं. ती बातमी गावात पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी शिवाजी पहार घेऊन आला. मजूर मागं उभे होते, पण तोवर तसेच उभ्या असलेल्या नापास खांबांपैकी पहिल्यावर पहिला घाव त्यानं स्वतः घातला. आक्का घरी गेल्या आणि भाकरी बांधून घेऊन आल्या. बहीणभाऊ लिंबाखाली जेवले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. नव्या खांबांवर पाणी मारायला त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तेच अभियंता पुन्हा आले, हातोडा मारला, आणि खणकन आवाज आला. उद्घाटनाला आक्कांनी त्यांना हाताला धरून पाहुण्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं.

आक्कांच्या तिसऱ्याच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस झोडपून गेला. सकाळी मी शाळेकडं गेले तर वर्ग उघडे होते. सुनंदा मॅडम म्हणाल्या, ‘मोठा पाऊस झाला की आक्का यायच्या. सरपंचपद जाऊन इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक खोलीत भिंतीवरून हात फिरवून बघायच्या.’ मी आत डोकावले. वहाणा दाराबाहेर काढून शिवाजी बाकावर उभा होता. केस पार पांढरे झालेले. छताखालच्या भिंतीवरून त्याचा तळवा सावकाश फिरत होता. एक कोपरा झाला, मग दुसरा. मला पाहून तो खाली उतरला.

‘कुटं ओल न्हाई, बाई,’ तो म्हणाला, आणि पुढच्या खोलीत गेला.