चौकापलीकडचं लॉज

चौकाच्या अलीकडे मावशीचं घर आणि पलीकडे तिचं काम. मधे सहा रस्ते एकमेकांच्या अंगावर आलेले. सिग्नल होता, पण घरातल्या रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा. तो लाल झाला काय नि हिरवा झाला काय, कुणी विचारत नव्हतं. मावशी त्यातून रोज सकाळी पलीकडे जायची आणि संध्याकाळी परत यायची, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत यावं इतक्या सहज.

लॉजवर ती खोल्या झाडायची, चादरी बदलायची. लग्न मोडून माहेरी आली तेव्हापासून हेच काम. भाऊ वारल्यावर घरात ती आणि वहिनी दोघीच उरल्या. वहिनी घरी बसून उश्यांचे अभ्रे शिवायची आणि तोंडही मशीनइतकंच चालवायची. एकीवाचून दुसरीचं पान हलत नसे. सख्खा भाचा एकही नसताना ही मात्र अख्ख्या लॉजची मावशी झाली होती.

एका दुपारी ती लाँड्रीतून चादरींचं गाठोडं घेऊन निघाली, तर चौकाच्या कडेला एक परदेशी मुलगी उभी. पाठीवर तिच्या डोक्याच्याही वर गेलेली पिशवी, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. टॅक्सीवाल्याने तिला चौकाच्या अलीकडेच उतरवलं होतं. लॉजची पाटी समोर दिसत होती आणि पोरगी एक पाऊल पुढे टाकून दोन मागे घेत होती. चेहरा घामाने ओला की रडण्याने, कळायला मार्ग नव्हता. मावशीने गाठोडं डोक्यावर चढवलं, मोकळ्या हाताने तिचं मनगट धरलं आणि सरळ पलीकडे नेऊन सोडलं.

"मावशी, गिऱ्हाईकं पण तुम्हीच आणायला लागलात का आता?" काउंटरवरून मालक म्हणाला. लॉज त्याच्या वडिलांचं. मावशीने त्याला रांगताना पाहिलेलं.

मुलगी खोलीत गेली ती बाहेर येईना. खिडकीला कपाळ लावून चौकाकडे बघत बसायची. मावशी चहा, पाव, केळी वर नेऊन द्यायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मुलगी मोबाईलशी बोलायची आणि मोबाईलमधली बाई ते मावशीला सांगायची.

"ही रोजची गर्दी आहे, की आज काही घडले आहे?" बाईने विचारलं.

"काही नाही घडलं. रोजचंच आहे."

मुलगी बराच वेळ काहीबाही बोलली. बाई म्हणाली, "मी खूप शहरे पाहायला निघाले होते. हे पहिलेच आहे. इथे सर्व जण मला चिरडायला निघाले आहेत असे वाटते."

"तुला कशाला चिरडतील? त्यांना तू दिसत पण नसशील." मावशीने धीर द्यायला म्हटलं, पण मुलगी आणखीच पांढरी पडली.

"मग ते थांबतात कसे?"

"थांबत नाहीत. आपण एकसारखं चालायचं. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. त्यानं आपल्याला बघितलं की तो बाजूनं काढतो."

"तुम्ही प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहता?"

"हो," मावशी म्हणाली. खरं तर तिने कधीच कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. लहानपणी आईने सांगितलेलं वाक्य तिने तसंच पुढे सांगितलं, इतकंच.

शेवटी मावशीनेच तिला ओढून खाली आणलं. दोघी हात धरून चौकात उतरल्या. मुलीला दाखवायचं म्हणून मावशी त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर डोळे शोधत चालली. उजवीकडून भरलेला ट्रक येत होता. मावशीने मान वर केली. ड्रायव्हर शेजारच्या माणसाकडे वळून हसत होता. त्याचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. ट्रक त्यांच्यापुढून धूर सोडत गेला, मावशीच्या बाहीला वारा लागला. मागचा टेम्पोवाला मोबाईलमध्ये बघत होता. त्याच्या मागचा जांभई देत होता.

पलीकडे पोचल्यावर मुलगी आनंदाने हसायला लागली. तिला वाटलं, हे सगळं मावशीच्या कसबाने झालं. मग ती एकटीच परत गेली, पुन्हा आली. दोन-तीन दिवसांत तिची भीड चेपली, आणि मावशीला मिठी मारून ती पुढच्या शहराला निघून गेली.

मावशी मात्र तो ट्रक पाहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चौकाच्या कडेला आली आणि थांबली. पाऊल उचलेना. आजवर आपल्याला कुणीच बघितलेलं नाही, हे एवढंच डोक्यात घुमत होतं. त्या दिवशी ती स्टेशनच्या पुलावरून लांबचा वळसा घालून गेली. रोज तेच व्हायला लागलं. रोजचा उशीर, रोजची बोलणी.

"वन्सं, बाई गं, पोरीची भीती उतरवायला गेलात आणि स्वतःच्या अंगावर घेऊन आलात," वहिनी म्हणाली. "चला, मी धरते हात."

वहिनी गुडघे धरत चौकापर्यंत आली. मावशीने तिचा हात इतका आवळला की वहिनी कळवळली. अर्ध्या रस्त्यातूनही नाही, कडेवरूनच दोघी परत फिरल्या. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, वय झालं की असं होतं, आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप तेवढी आली.

इकडे मालक खुशीत होता. त्या मुलीने कुठेतरी इंटरनेटवर लिहिलं होतं की या लॉजवर एक मावशी आहे, ती तुम्हाला हात धरून रस्त्यापलीकडे नेते. ते वाचून पाहुणे यायला लागले, आणि येऊन मावशीलाच विचारायला लागले. मावशी आज पाय दुखतो, उद्या डोकं दुखतं, असं करून वेळ मारून नेत होती. पण एक म्हातारं परदेशी जोडपं आलं तेव्हा मालकाने ऐकलं नाही.

"एवढ्या लांबून आलेत, मावशी. दोन मिनिटांचं तर काम."

दोघांना दोन हातांनी धरून मावशी कडेपर्यंत गेली आणि उभी राहिली. समोरून गाड्या जात राहिल्या. म्हातारीने तिच्याकडे बघून हसून मान हलवली, म्हणजे आम्ही तयार आहोत. बराच वेळ तिघं तशीच उभी होती. शेवटी मालकच खाली उतरून आला. त्याने मावशीची बोटं त्या म्हातारीच्या हातावरून एकेक करून सोडवली आणि दोघांना घेऊन गेला.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मावशी, तुम्ही थोडे दिवस घरीच थांबा," परत आल्यावर तो खाली बघत म्हणाला. "बरं वाटलं की या."

थोडे दिवस म्हणजे किती, हे दोघांनाही कळलं होतं. महिन्याभरात तिथे दुसरी बाई लागली. मावशीने गल्लीतल्याच एका खाणावळीत भांडी घासायचं काम धरलं. मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. तिथूनही हॉर्न ऐकू यायचे, आणि प्रत्येक हॉर्नला तिचा हात थांबायचा.

पुढच्या हिवाळ्यात वहिनीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डोळ्यांचं हॉस्पिटल चौकाच्या पलीकडे. पुलाचे जिने वहिनीच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. ऑपरेशनच्या सकाळी मावशीने रिक्षा बोलावली, वहिनीला आत बसवलं, स्वतःही बसली. चौक दिसताच तिने रिक्षा थांबवायला लावली आणि उतरली.

"वहिनी, नाही गं जमत."

"राहू द्या, वन्सं." वहिनीने अंदाजाने तिचा हात शोधून थोपटला. "मी शेजारणीला सांगून ठेवलंय, ती भेटणार आहे तिकडे."

म्हणजे तिने हे आधीच गृहीत धरलं होतं. रिक्षा गर्दीत शिरली आणि लगेच एका बसच्या आड गेली. मावशी घरी आली. वहिनीच्या मशीनवर अर्धा शिवलेला अभ्रा होता, तो तिने उचलला नाही. दार लावून ती पलंगावर बसून राहिली, आणि दुपारी शेजारीण वहिनीला घेऊन आली तेव्हा दार उघडायलाही तिला बराच वेळ लागला.