अकरा भाग हवा, एक भाग पेट्रोल

सकाळचे पाच वाजून बावन्न मिनिटे. मनोरच्या पुढे, बांधून तयार असलेल्या पण अजून उद्घाटन न झालेल्या एका रस्त्यावर लाल रंगाची ठेंगणी जपानी गाडी उभी आहे. डाव्या सीटवर चंद्रभान सोनवणे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले आहेत. इंजिनातल्या पाण्याचं तापमान ८२ अंश, आत येणाऱ्या हवेचं २५. दोन्ही आकडे ते पेन्सिलीने कागदावर लिहितात. कागद बॉयलरच्या नोंदवहीतला आहे. ‘वाफेचा दाब’ खोडून त्यांनी तिथे ‘टर्बोचा दाब’ असं लिहिलं आहे.

सोनवणे मूळचे अमळनेरचे, वय सत्तावन्न. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात सत्तावीस वर्षं त्यांनी बॉयलरची मोजमापं सांभाळली. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला, यावरून आत जाळ कसा पेटतोय हे सांगणं, ही त्यांची नोकरी. गाडीच्या एग्झॉस्टमध्ये बसवलेला सेन्सर हेच काम करतो. फरक वेगाचा. बॉयलरमधला बदल दिसायला मिनिट लागतं.

इथे वेळ कमी असतो. या इंजिनात पिस्टन नाहीत. लंबगोल घरात त्रिकोणी रोटर फिरतो, असे दोन रोटर शेजारी शेजारी. सहा हजार फेऱ्यांना इंजिनात सेकंदाला दोनशे वेळा भडका होतो आणि चार प्लग मिळून चारशे ठिणग्या टाकतात. प्रत्येक भडक्याला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची हे डॅशबोर्डखालचा, डब्याएवढा संगणक ठरवतो. त्याला ते शिकवावं लागतं. लॅपटॉपच्या पडद्यावर इंजिनाच्या फेऱ्यांच्या सोळा ओळी, टर्बोच्या दाबाचे सोळा स्तंभ, दोनशे छप्पन्न रकाने. प्रत्येक रकान्यात किती पेट्रोल द्यायचं याचा एक आकडा. गाडी प्रत्यक्ष पळवायची, सेन्सर काय म्हणतो ते पाहायचं, थांबायचं, आकडा सुधारायचा. सोनवणे गेले अकरा शुक्रवार हेच करत आहेत. त्यातले दोनशे तीस रकाने भरून झालेत.

गाडी चालवायला भाग्येश राऊत. माकुणसारचा, चौतिसाव्या वर्षी प्लास्टिकचे साचे करणाऱ्या वर्कशॉपचा मालक. गाडी त्याच्या मामाने केनियातून परतताना आणलेली.

रस्त्याच्या मध्यावर सुका उभा आहे. रस्त्याच्या ठेकेदाराचा रखवालदार, पलीकडच्या पाड्यावरचा. गुरं, कुत्री, माणसं कुणी रस्त्यावर नाही याची खात्री झाली की तो पांढरा गमछा वर करतो. गमछा खाली असेल तर गाडी हलत नाही. कोणाची हरकत येऊ नये म्हणून ठेकेदाराची लेखी परवानगी डॅशबोर्डवर ठेवलेली आहे.

“शेठ, येवडी वराडते तुमची गाडी,” सुका खिडकीशी येऊन सांगतो, “तरी माझी बकरी काय उठत नाय.”

“तुझी बकरी बहिरी हाय,” भाग्येश म्हणतो.

“नाय. तिला सवय झाली. आता बायकोला करायची हाय.”

सोनवणे हसत नाहीत. ते लॅपटॉपच्या कळफलकावर प्लायवुडची फळी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या रबराने ती घट्ट बांधत आहेत. गाडी हलण्याआधी प्रत्येक वेळी ही फळी बांधली जाते. त्यामागे मागच्या वर्षीचा फेब्रुवारी आहे.

बॉयलरवाल्याला काळा धूर सहन होत नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी, इंधन जास्त, आणि मग नोटीस. सत्तावीस वर्षं धूर दिसला की सोनवण्यांचा हात इंधन कमी करायला गेला. त्या दिवशी भरधाव गाडीत आरशात मागे काळा धूर दिसला. सेन्सर सांगत होता, एक भाग पेट्रोलला दहा भाग हवा. हाताने डोक्याला न विचारता आठ कळा दाबल्या आणि पेट्रोल कमी झालं. बॉयलरला जास्तीची हवा चालते. टर्बो पूर्ण दाबाने हवा कोंबत असताना या इंजिनाला ती चालत नाही. मिश्रण वेळेआधी स्वतःहून पेटतं. एकच आवाज झाला, काचेवर खडा पडावा तसा. रोटरच्या टोकाला दोन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी असते, तिच्यावर सगळा दाब तोललेला असतो. ती तुटली आणि तुकड्याने रोटरचं घर आतून खरवडलं.

तिसऱ्या दिवशी भाग्येश म्हणाला, “काका, धूर तुमचा वैरी हाय. माझा नाय.”

सोनवण्यांनी ते इंजिन स्वतः उघडलं, स्वतः जोडलं. दहा महिने लागले. रोटरच्या घरांची ही दुसरी जोडी जपानमधल्या एका भंगारातल्या गाडीची. तिसरी जोडी मिळालेली नाही, शोध थांबवला आहे. हे इंजिन गेलं तर गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात कायमची उभी राहील, हे दोघांनाही ठाऊक आहे. सोनवण्यांनी सांगून ठेवलंय की त्यानंतर ते कोणाच्याही इंजिनाला हात लावणार नाहीत.

गमछा वर जातो.

तिसरा गिअर. भाग्येश पेडल पूर्ण दाबतो. तीन हजार, साडेतीन. टर्बोची शीळ चढते आणि पाठी सीटला चिकटतात. सोनवणे खालच्या पट्टीत आकडे उच्चारतात, पाढे म्हटल्यासारखे: एक भाग पेट्रोलला किती भाग हवा. अकराच्या आसपास हवेत, ‘दहा नऊ’ म्हणजे दहा पूर्णांक नऊ, आणि आकडा चढला की पेट्रोल कमी पडतंय. “अकरा. अकरा. दहा नऊ. अकरा.” दाब पाऊण बार. साडेपाच हजार. “अकरा तीन.” पुढचा आकडा ते म्हणत नाहीत.

“सोड.”

भाग्येशचा पाय उचललेला असतो. नंतर नोंदी पाहिल्यावर कळतं की अकरा तीनवरून बारा चारला जायला संगणकाच्या घड्याळाने एकवीस शतांश सेकंद घेतले. सोनवण्यांचा शब्द बारा चार पडद्यावर उमटायच्या आधी निघालेला होता. कशावरून, असं विचारल्यावर ते म्हणतात, “शीळ तीच होती, पण खालचा सूर कोरडा झाला.” भाग्येशला सूर ऐकू आला नव्हता. त्याने फक्त शब्द ऐकला.

गाडी थांबते. इंजिन बंद.

“काही वाजलं का?” भाग्येश विचारतो.

“मला नाही ऐकू आलं.”

“म्हणजे नाय ना वाजलं?”

“म्हणजे मला नाही ऐकू आलं. पाना दे.”

पट्टी तुटली का हे इंजिन न उघडता तपासता येतं. एका रोटरचा एक प्लग काढायचा, पेट्रोल आणि ठिणगी बंद ठेवायची आणि स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवायचं. रोटरला तीन बाजू. प्लगच्या भोकातून तीन फुंकरा एकापाठोपाठ येतात. तिन्ही सारख्या असल्या तर पट्ट्या शाबूत. एक जरी दुबळी असली तर ठेका लंगडतो.

सोनवणे बॉनेटमध्ये वाकतात. भोकासमोर तळहात धरतात. भाग्येश चावी फिरवतो. फुस, फुस, फुस. फुस, फुस, फुस. वीस सेकंद. मग प्लग परत बसवून दुसरा रोटर. सुका गमछा खांद्यावर टाकून जवळ आलेला आहे. तोही श्वास धरून मोजतोय.

दुसऱ्याचाही ठेका सरळ.

“बाबा, जिती हाय का?” सुका विचारतो.

“आहे.”

भाग्येश चाकाला टेकून खाली बसतो. मग त्याचं डोकं चालू लागतं. “काका, त्या रकान्यात थोडं पेट्रोल वाढवा. परत मारू. ऊन तापायच्या आत.”

फळी आता सुटलेली आहे. गाडी उभी आहे, नियमाने हात चालवायला मोकळीक आहे. सोनवणे कळफलकाला हात लावत नाहीत. ते नोंदीतली दुसरी रेघ दाखवतात. पेट्रोलचा दाब. चार हजारांना ठीक, साडेपाच हजारांना खाली कोसळलेला.

“आकडा बरोबर आहे. पेट्रोलच पोचत नाही.”

“मग आकडा वाढवला की पोचेल तेवडं.”

“आज पोचेल. मे महिन्यात दुपारी नाही पोचणार. तेव्हा मी शेजारी नसेन.”

मागची सीट उचलून ते मल्टीमीटर लावतात. भाग्येश दुसरा प्लग परत बसवून इंजिन सुरू करतो. बॅटरीवर १३.७ व्होल्ट. पेट्रोलच्या पंपापाशी ११.१. मधली वायर गाडीबरोबर आलेली, तीस वर्षांची, दोऱ्यासारखी बारीक. पंप नवा आणि मोठा, त्याला वीज पुरेना. सोनवणे वायरची लांबी पावलांनी नव्हे, टेपने मोजतात. पाच मीटर ऐंशी. कागदावर लिहितात, खाली रेघ मारतात, सही करतात.

“आज सव्वीस रकाने संपवायचे होते,” भाग्येश म्हणतो.

“उरू देत.”

सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी गाडी टो ट्रकवर चढते. सोनवण्यांनी तिला स्वतःच्या इंजिनावर बोईसरच्या वर्कशॉपपर्यंत जाऊ दिलं नाही.

उद्या शनिवार. बोईसर स्टेशनजवळचं इलेक्ट्रिकचं दुकान साडेनऊला उघडतं. सोनवण्यांना पंपासाठी चार स्क्वेअरची, जुनीहून जाड तांब्याची वायर हवी आहे, सहा मीटर.